सत्ताविसावं झाड

अप्पा,

व्यंकटराव मातीला आले होते. कोण आलं आणि कोण आलं नाही हे तुम्ही आयुष्यात कधी मोजलं नाही, ते काम माझं. म्हणून आधी हेच सांगतो. बेंबळीहून भल्या सकाळी गाडी जुंपून निघाले असणार, कारण तुम्हाला समाधीच्या खड्ड्यात बसवलं तेव्हा ऊन अजून चढलं नव्हतं. जंगमांनी मंत्र म्हटले, तुमच्या कपाळाला भस्म लागलं, बेलाची पानं पडली आणि सगळ्यांनी मूठ मूठ माती सारली. व्यंकटराव तुमच्या डाव्या हाताला चार हातांवर उभे होते. गेल्या सहा वर्षांत ते तुमच्या इतक्या जवळ आले नव्हते. त्याला कारण मी होतो, आणि हे दोघांनाच माहीत होतं, मला आणि तुम्हाला. तुम्ही बोलला नाहीत. मीही बोललो नाही. आता तुम्हाला बोलता येत नाही, म्हणजे बोलायची पाळी माझी आली.

हे छापून आलं तर वाचणाऱ्याला आपला उद्योग काय होता ते कळायला हवं. तुम्ही तेवढा भाग सोडून पुढं जा.

तुम्ही मूळचे मुरूमचे. घरात कानडी, बाजारात मराठी, कचेरीत उर्दू. धाराशिवच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून तुम्ही लोकांचे अर्ज लिहीत होतात. मी जमीन मोजणीच्या खात्यात आधी साखळी ओढली, पुढं आकडे उतरवले, आणि गुडघे गेले तेव्हा घरी बसलो. अर्ज लिहायला आलेला माणूस अर्जापुरतं बोलत नाही. बांधाचं भांडण सांगता सांगता तो आजोबाच्या लग्नात जाऊन पोचतो. बाकीचे अर्जनवीस त्याला तिथंच तोडायचे. तुम्ही लेखणी खाली ठेवून म्हणायचात, "हे अर्जात मावणार न्हाय, बाबा. हे वहीत लिवून आणा."

आणि लोक खरंच आणायला लागले. जनावरांच्या औषधांचा ग्रंथ आला. श्रीशैलला पायी जाऊन आलेल्या एका व्यापाऱ्यानं वाटेतल्या प्रत्येक विहिरीच्या पाण्याची चव लिहून आणली. एका मास्तरांनी नाटक आणलं, त्यात बावन्न माणसं होती. मी मोजून दाखवली तेव्हा त्यांनी सतरा मारली. वह्या वाढल्या तशी तुम्ही मला हाक मारलीत. फळी लावली: ग्रंथ तपासून व साफ लिहून मिळतील. त्या दिवसापासून तुम्ही मला नावानं कधी बोलावलं नाही. मोजणीदार म्हणालात, शेवटपर्यंत.

आपला नियम मी घातला होता. लेखकाच्या पानात आपला शब्द जाता कामा नये. काढायचं ते त्याला विचारून काढायचं, घालायचं ते त्यानंच घालायचं. तुम्ही मान हलवली होती. आता वाटतं, ती मान तुम्ही माशी हाकलायला हलवली असेल.

कामाची रीत मात्र तुमची. वही आधी आपण वाचायची नाही. लेखकानं समोर बसून मोठ्यानं वाचायची. दुपारची वेळ, कचेरी सुस्तावलेली, लिंबाची सावली अंगावर हलतेय, आणि तुम्ही डोळे मिटून उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत बसलेले. अंगठा चालू असेपर्यंत मजकूर ठीक. अंगठा थांबला की मी लेखकाला म्हणायचो, "इथं टिंब द्या." का थांबला ते नंतर बघायचं. बहुतेक वेळा तिथं काहीतरी खोटं असायचं, किंवा राहिलेलं असायचं. हे तुम्हाला कसं कळतं असं एकदा विचारलं, तर म्हणालात, "मोजणीदार, दाताखाली खडा आला की आपण काय आधी भात मोजतो का?"

आणि अप्पा, तुम्ही झोपायचात. हे आता सांगून टाकतो. तीन वाचनांतलं एक तरी तुम्ही झोपेत ऐकलं. अंगठा चालूच राहायचा, त्यामुळं लोकांना कळत नसे. मला श्वासावरून कळायचं.

"अप्पा निजले का वो?" श्रीशैलच्या व्यापाऱ्यानं विचारलं होतं.

"नाही, ऐकताहेत."

"घोरत्यात की!"

"घोरत ऐकतात. वाचा तुम्ही."

तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "तिसऱ्या विहिरीचं पाणी गोड म्हनलास, आन पाचव्या विहिरीवर रडलास. मधली चौथी कुठं हाय?" व्यापाऱ्यानं वही मिटली. चौथ्या विहिरीपाशी त्याचा सोबती वारला होता. तो ती सोडून पुढं गेला होता.

व्यंकटराव आपल्याकडं आले ते माझ्या ओळखीनं. बेंबळीच्या शिवारात माझी साखळी फिरलेली, त्यांना माझं नाव आठवत होतं. त्यांनी आपल्या आमराईवर वही लिहिली होती. एकेचाळीस झाडं, प्रत्येकाला एक पान. कोणी लावलं, कलम की कोय, मोहर केव्हा, फळ केवढं, रस पातळ की दाट, लोणच्याला चालतं की नाही. शेंदऱ्या, खोबऱ्या, केळ्या, गोटी. मला ती वही फार आवडली. इतकी नेटकी वही आपल्याकडं दुसरी आली नाही. तुम्ही मात्र दुसऱ्या दुपारीच घोरू लागलात.

सत्ताविसावं झाड शेप्या. फळाला शेपूचा वास येतो म्हणून शेप्या. व्यंकटरावांनी पान वाचलं आणि उलटलं. तुमचा अंगठा थांबला. तुम्ही डोळे उघडलेत, आणि ते आमच्याकडं बघत नव्हते.

"त्या बाईचं पुन्हा वाचा," तुम्ही म्हणालात.

"कंच्या बाईचं?"

"पाठमोरी बसलीय ती. वाळली पानं हातानं ओढून बुंध्याभोवती लावतेय. पोराला पांघरूण घालावं तसं. आत्ता वाचलंत की."

"म्या न्हाय वाचलं," व्यंकटराव म्हणाले. त्यांनी वही मांडीवर पालथी घातली. "म्या लिवलंच न्हाय ते. ती आमची आक्का."

त्यांची थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी कपाळ मोकळं, त्यानंतर पन्नासएक वर्षं भावाच्या घरी. आमराई सगळी तिनं वाढवलेली. दोन वर्षांपूर्वी गेली होती. एकेचाळीस पानांत कुठंच तिचा उल्लेख नव्हता, आणि हे स्वतःच्या लक्षात आलं नाही म्हणून तो मोठा माणूस त्या दिवशी लिंबाखाली ओंजळीत तोंड धरून बसला. त्यांना लिहवेना. मग त्यांनी सांगितलं, तुम्ही सांगितलं, आणि एका कागदाच्या तुकड्यावर तुमच्या अर्जातल्या अक्षरात नऊ ओळी उतरल्या.

त्यातल्या किती त्यांच्या आणि किती तुमच्या, हा आपला भांडणाचा विषय झाला.

"हे त्यांनी लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"त्यांचीच आक्का हाय."

"पण स्वप्न तुमचं आहे. छापील पुस्तकात तुमचं स्वप्न त्यांच्या नावानं कसं जाईल?"

"स्वप्नावर कुणाचा सातबारा न्हाय, मोजणीदार."

"तुम्ही पूर्वी कधी बेंबळीला अर्जाच्या कामाला गेला असाल. पाहिलं असेल. विसरला असाल."

"असंल."

"मग तसं म्हणा."

"असंल म्हनलं की!" तुम्ही हसलात. "तुमाला कशाला पायजे त्याचा दाखला?"

हे भांडण आपण पुरं केलंच नाही. तुम्ही तिला पाहिलं होतं की नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही, आणि आता ते विचारायला माणूस उरला नाही.

साफ नक्कल करायचं काम माझ्याकडं होतं. मी गाडी करून बेंबळीला गेलो. झाडं मोजली, एकेचाळीस भरली. एका गड्याला विचारलं, आक्का पालापाचोळा गोळा करायच्या का? तो म्हणाला, न्हाय, त्यांची कंबर धरलेली, त्यांना कुठं वाकता येतंय. तेवढ्यावर मी परत आलो. तो गडी तिथं चारच वर्षं होता, हे मी विचारलं नाही. शेताची हद्द मी कधी एका खुणेवर धरली नसती, आणि इथं एका माणसाच्या शब्दावर नऊ ओळी सोडून दिल्या. सत्ताविसावं पान पूर्वीसारखं उतरवलं. तुमचा तो कागद चुलीत घातला. बायकोनं विचारलं, "कसला कागद?" मी म्हणालो, "चुकीचा."

नियमासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आलो. आज तुम्हाला खरं सांगतो. त्या वहीतल्या माझ्या तपासलेल्या आकड्यांनी कोणाचा श्वास अडकला नव्हता. तुमच्या डुलकीनं अडकला. ते मला सोसलं नाही.

नक्कल बासनात गुंडाळून आपण दोघं सोलापूरला निघालो, कारण छापखाना तिकडं, इंग्रजी मुलखात. सरहद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर मोटार थांबली. दिवस संशयाचे होते, कागद दिसला की अंमलदार हात घालायचा.

"किताब में क्या है?"

"आम हैं, साहब," तुम्ही म्हणालात.

"आम? खाने के?"

"अच्छे-अच्छे झाडां हैं, साहब. इकतालीस हैं. एक भी बगावत नहीं करता."

अंमलदारानं दोनचार पानं उलटली, खोबऱ्यापाशी थोडा थांबला, आणि त्याच्या गावी औरंगाबादेकडं असंच एक झाड होतं असं सांगून बासन परत दिलं. पुढं सगळी वाट तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलात. बासन तुमच्या मांडीवर होतं. बाहेर काळी नांगरट उन्हात धूसर झाली होती, मोटार सरकते की रान सरकतं ते कळत नव्हतं, आणि मला सारखं वाटत होतं की तुमचा अंगठा आता थांबेल. थांबला नाही.

पुस्तक आलं तेव्हा व्यंकटराव लिंबाखालीच उघडायला बसले. मागचं पुढचं काही बघितलं नाही, सरळ सत्तावीस काढलं. एकदा वाचलं. पान उलटून मागं बघितलं. मग म्हणाले, "अप्पा, माझी आक्का कुठं गेली?"

तुम्ही पुस्तक हातात घेतलंत. वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतलात. मी तुमच्या उजव्या हाताला बसलो होतो. तुम्ही माझ्याकडं वळून पाहिलं नाही, अप्पा. एकदाही नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी सहा वर्षं म्हणत आलोय.

"म्या काढलं," तुम्ही म्हणालात. "घरातल्या बाईचं चारचौघांत कशाला, असं वाटलं मागनं."

"मला न इचारता?"

"चुकलंच."

व्यंकटराव उठले. पुस्तकांचा गठ्ठा गाडीत टाकला आणि गेले. त्यानंतर कचेरीच्या कामाला ते यायचे, गाडी आपल्या समोरून जायची, पण मान वळायची नाही. वही आणली तेव्हापासून हंगामातली पहिली पाटी आंब्यांची तुमच्याकडं यायची, ती बंद झाली. एवढं तुम्ही गमावलंत, आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत. फक्त एकदा, बोरू तासता तासता म्हणालात, "मोजणीत कमी भरलं की धनी ओरडनारच. आपन ऐकून घ्यायचं." मी बोरूकडं बघत राहिलो. तुम्हीही बोरूकडंच बघत होतात.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी रोज ठरवून यायचो, आज सांगायचं. तुम्ही मला वह्या वाचायला लावायचात. मी वाचायचो, तुम्ही झोपायचात, आणि झोपलेल्या माणसाला काय सांगायचं म्हणून मी घरी जायचो. बायको एकदा चिडून म्हणाली, "त्या माणसापाशी रोज काय घेऊन जाता आणि तसंच परत आणता?" तिला काही माहीत नव्हतं. तरी तिनं बरोबर बोट ठेवलं.

माती सारून झाली आणि लोक पांगले. व्यंकटराव विहिरीवर हात धूत होते. मी जवळ गेलो.

"सत्ताविसावं झाड मी सोडलं होतं," मी म्हणालो. "अप्पांनी नाही."

त्यांनी हात धुणं थांबवलं नाही. "कवा?"

"साफ नक्कल करताना."

"आन त्यांना ठावं व्हतं?"

"पुस्तक हातात घेतलं तेव्हा कळलं असणार."

"मग आपल्या अंगावर का घेतलं?"

"मी विचारलं नाही."

"सहा वर्सं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उतरला. "सहा वर्सं म्या त्या मानसाच्या म्होरून गाडी हाकली. मान न वळवता."

"अकरा वेळा," मी म्हणालो. "मी मोजलं आहे."

"गप बसा, मोजणीदार!"

तुमचा शब्द दुसऱ्या कोणी मला लावला, तो त्या दिवशी पहिल्यांदा. त्यांनी धोतराच्या सोग्याला हात पुसले, तुमच्या मातीकडं बघितलं, आणि म्हणाले, "खोडलं तुमी. आता लिवा तुमी."

"ते शब्द माझ्याकडं नाहीत, व्यंकटराव. कागद जाळला."

"मग जे हायत ते लिवा. आन बेंबळीला घेऊन या. म्या इथं यायचा न्हाय आता, इथं कोन हाय?"

अप्पा, मी उभ्या आयुष्यात स्वतःचं वाक्य लिहिलेलं नाही. दुसऱ्याची हजारो पानं साफ केली. वीस दिवस मी लिंबाखाली एकटा बसलो. नऊ ओळी होत्या हे मला पक्कं आठवतं, पाचव्या ओळीत एक खाडाखोड होती तीही आठवते, पण शब्द आठवत नाहीत. तुमची ती पाठमोरी बाई मला लिहिता येईना. मी तिला पाहिलेलं नव्हतं. जे पाहिलं नाही ते मोजता येत नाही, आणि लिहिताही येत नाही, निदान मला.

एकविसाव्या दुपारी माझा डोळा लागला. दिवसा झोपायची मला सवय नाही, तुम्हाला माहीत आहे. ऊन पापण्यांवर तांबडं दिसत होतं. कुठूनतरी साखळी ओढल्याचा आवाज येत होता, कड्या दगडावरून घसरत येतात तसा. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि पाय दुखत नव्हते. साखळी ताणली होती आणि ताण बसत नव्हता. जाऊन बघतो तर एक बाई वाकून साखळीची एक कडी हातात उचलून धरून उभी. तिच्या बोटांखाली वीतभर रोप. कोय रुजून नुकतं वर आलेलं, पानं अजून तांबूस. मी ओरडलो, "बाई, सोडा! माप कमी भरतंय." ती म्हणाली, "भरू दे की जरा कमी. त्याला उभं तर राहू द्या, दादा."

मी जागा झालो. हे स्वप्न नव्हतं, अप्पा. हे झालं होतं. बेंबळीच्या शिवारात, व्यंकटरावांच्या बांधावर, माझ्या पहिल्या वर्षी. मी तिचा चेहरा पाहिला होता, तिच्यावर ओरडलो होतो, मग तिनं कडी धरून ठेवली तसंच माप घेतलं आणि वहीत लिहिलं. त्यानंतर तीसएक वर्षं मला ते आठवलं नाही. माप मात्र आजही तोंडपाठ आहे.

मी ते लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी बेंबळीला गेलो. व्यंकटरावांनी घोंगडं टाकलं. आतून त्यांच्या मंडळी, सून, सगळे दाराशी येऊन उभे राहिले. मी वाचलं. माझा आवाज फार कोरडा आहे, तुम्ही नेहमी म्हणायचात. कोरड्या आवाजातच वाचलं.

व्यंकटरावांनी तो कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. मग म्हणाले, "हे न्हाय ते."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"पन हे बी घडलंय." त्यांनी डोळे पुसले. "ती तशीच व्हती. मानसाला दादा म्हनून कामाला लावायची." मग आत बघून म्हणाले, "पुस्तकं काढा सगळी. ह्यांच्या हातानं लिवून घ्यायचं. एकेका पुस्तकात."

सून पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आली, आणि तो खाली ठेवता ठेवता तिनं विचारलं, "मामा, आक्कांचं नाव काय वो?"

व्यंकटरावांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांनी बायकोकडं पाहिलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. ती सून होऊन या घरात आली तेव्हापासून तिला ठाऊक ते आक्काच. गडी, शेजारी, भाऊ, सगळे आक्काच म्हणत आलेले. व्यंकटराव ओसरीच्या कडेला गेले, आमराईकडं तोंड करून उभे राहिले. आम्ही सगळे थांबलो. मी किती वेळ ते मोजलं नाही.

"मैना," ते म्हणाले. "आमची आई तिला मैना म्हनून हाक मारायची."

पहिल्या पुस्तकात सत्ताविसाव्या पानाच्या कडेला मी आधी तेवढंच लिहिलं, आणि मग बाकीचं. आतापर्यंत चौतीस पुस्तकं झाली आहेत. तिचं नाव तुम्हालाही माहीत नव्हतं, अप्पा. तुम्हाला ते सांगायचं होतं.